लाँग बाइटला राहायला येताना

लाँग बाइटमध्ये जमीन विकत मिळत नाही. ती गावाची आहे, कुणा एकाची नाही. बाहेरच्या माणसाला इथे राहायचं असेल तर त्यानं पंचांकडे जायचं आणि टोपी काढून विचारायचं. पंच ‘हो’ही म्हणत नाहीत आणि ‘नाही’ही म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘‘आधी तीन दिवस मिस झेल्फाकडे जेवा, मग या.’’

हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण बारा वर्षं असंच चाललंय. पंच सगळे पुरुष, आणि पाहुण्यासमोर स्वतःच्या गावाचं वाईट बोलायला पुरुषांची जीभ रेटत नाही. झेल्फाची रेटते. वय त्रेसष्ट, अंगानं भरलेली, चालताना डावा गुडघा कुरकुरतो आणि त्याचा राग ती समोरच्यावर काढते. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली. घराच्या पडवीत तिनं चार टेबलं टाकलीत. तिथे नारळाच्या रसात मासे, कच्ची केळी आणि नीरफणस शिजवून ती वाढते. सोबत नारळी पाव असतो.

पाहुणा जेवत असला की ती गावाचं चांगलं सांगते. जेवण झालं की म्हणते, ‘‘चला, उठा, आपली ताटली आपण घासायची.’’ आणि मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपापाशी उभं करून वाईट सांगते. हात राखेत बरबटलेले असले की माणूस मधेच उठून जाऊ शकत नाही, असा तिचा हिशेब.

‘‘माझ्या दाराला कडी नाही, बघितलंत ना?’’ ती वाढता वाढता सांगायची. ‘‘होती, ती गंजून पडली, पुन्हा लावायची गरजच वाटली नाही. सकाळी तुमच्या चुलीचा धूर दिसला नाही, तर आठ वाजायच्या आत तीन माणसं दारात येतील, बरं आहे ना म्हणून. मासा तुम्ही पकडला नाहीत तरी तुमच्या ताटात पडेल. इथे एकट्यानं जेवायची वेळ कुणावर येत नाही.’’

आणि मग पिंपापाशी. ‘‘ती तीन माणसं सांगितली ना मघाशी? तीच संध्याकाळी तुमच्याकडे काय शिजलं, कोण रडलं, ते गावभर करतील. तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता तेही इथे लोकांना माहीत असतं. लोखंड टिकत नाही. फ्रीज दोन वर्षांत मरतो. चामड्याच्या चपलेवर आठ दिवसांत हिरवी बुरशी. पाऊस आला की आला, मग तुम्ही त्याला कंटाळा नाही तर देवाला. चौथ्या महिन्यात एक दिवस विनाकारण रडू येईल, ते येतंच, तेव्हा माझ्याकडे या. शाळा सहावीपर्यंत. आणि आमचा डॉक्टर तो तिथे टांगलाय.’’

एवढं म्हणून ती ओल्या हातानं चर्चकडे बोट दाखवायची. तिथे लाकडी मनोऱ्यात घंटा आहे. तीन टोले, थांबायचं, पुन्हा तीन टोले: ही आजाऱ्याची घंटा. ती वाजली की साठ घरांतली माणसं हातातलं काम टाकतात. प्रत्येक घरातून थोडं थोडं पेट्रोल येतं, केर्विन आपल्या होडीला इंजिन लावतो, आणि आजाऱ्याला घेऊन ब्लूफील्ड्स शहरातलं इस्पितळ गाठायचं. समुद्र शांत असला तर दोन तास.

‘‘आणि शांत नसला तर?’’ असं शहाणा पाहुणा विचारायचाच.

‘‘नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेचा वारा येतो. कधी तीन दिवस, कधी पाच. तेव्हा खाडीच्या तोंडावर लाटा फुटतात. दिवसाउजेडी एकदाच, भरतीचं पाणी थबकतं त्या अर्ध्या तासात, केर्विनसारखा माणूस होडी बाहेर काढू शकतो. एकदा तोंड ओलांडलं की पुढे बेटांचा आडोसा आहे. पण ती वेळ चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत नुसतं देवाचं नाव घ्यायचं. माझ्या नवऱ्याची वेळ चुकली होती. ताटली नीट घासा, कडेला तेल राहिलंय.’’

दहातले सात पाहुणे चौथ्या दिवशीच्या होडीनं परत जायचे. पंच खूश असायचे. जे तीन राहायचे ते टिकायचे, कारण त्यांना फसवलं गेलं असं कधी वाटायचं नाही. ‘मिस झेल्फानं सांगितलं होतं’ हे वाक्य आमच्याकडे बुरशी लागलेल्या चपला उन्हात टाकताना हमखास ऐकू येतं.

अशी ही बाई आपल्याच घरातल्या माणसांशी खोटं बोलली, त्याची ही हकीकत.

तिचा एकुलता एक मुलगा बर्नेल. आमच्याकडची निम्मी पोरं जहाजावर जातात, तसा तोही एकोणिसाव्या वर्षी गेला. हजारो प्रवाशांच्या त्या तरंगत्या हॉटेलात आधी कांदे सोलले, मग मासे साफ केले, मग आचारी झाला. तिथेच यादिरा भेटली. ती खोल्या झाडायची. ती एस्तेलीची, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाची, डोंगरातली. समुद्र तिला जहाजाच्या खिडकीतूनच माहीत. दोघांना मुलगी झाली, नायेली. यादिरा तिला घेऊन माहेरी राहिली आणि बर्नेल वर्षातून दोनदा बाप व्हायला यायचा. झेल्फानं नातीला तोवर एकदाच पाहिलं होतं, तीन दिवस, शहरात.

नायेली पाच वर्षांची झाली तेव्हा बर्नेलनं जहाज सोडायचं ठरवलं आणि त्याचा फोन आला. लाँग बाइटमध्ये फोन फक्त चर्चसमोरच्या नीरफणसाच्या झाडाखाली लागतो. तिथे बोललेलं सगळं गावाच्या मालकीचं होतं. त्या दुपारी लॅमाँट म्हातारा तिथेच बसून जाळं विणत होता. लॅमाँट चर्चची घंटा सांभाळतो, आणि शाळेत झेल्फाच्याच वर्गात होता.

‘‘आई, खरं खरं सांग,’’ बर्नेल म्हणाला. ‘‘परक्यांना सांगतेस तसं सांग. आम्ही तिकडे यावं का?’’

झेल्फानं चांगलं सांगायला सुरुवात केली. समुद्र, मासे, बिनकडीचं दार, आजीच्या हातचं खाणं. ती इतकं छान बोलली की लॅमाँटचा हात जाळ्यावर थांबला.

‘‘आणि कालवा चालू आहे ना गं? आतला?’’

इथे सांगायला हवं. बर्नेल लहान असताना गावामागून एक कालवा कांदळवनातून मोठ्या तळ्यात जायचा. समुद्र कितीही खवळला तरी त्या वाटेनं शहर गाठता यायचं. शिवाय मिशनची एक नर्स बारा महिने गावात राहायची. बर्नेल गेला ते हे गाव सोडून, आणि त्यानंतर तो इथे आलाच नव्हता. नंतरच्या वादळात कांदळाची झाडं कालव्यात आडवी झाली, गाळ भरला आणि वाट बुजली. झेल्फाचा नवरा त्यानंतरच्याच हिवाळ्यात गेला. बर्नेलला फोनवर ‘हृदय बंद पडलं’ एवढंच कळवलं होतं. जहाजावरच्या पोराच्या जिवाला घोर कशाला, म्हणून. नर्सही आता महिन्यातले दहा दिवस असते, नाताळानंतर महिनाभर नसतेच.

‘‘चालू आहे,’’ झेल्फा म्हणाली.

मग फोनवर यादिरा आली. ‘‘आई, नायेलीला दमा आहे. फार नाही, पण आहे. दवाखाना किती लांब पडेल?’’

‘‘दोन तास,’’ झेल्फा म्हणाली. हे काही खोटं नव्हतं. ‘‘आणि समुद्राची हवा आहे, पोरी. छाती कशी मोकळी होईल बघ.’’

‘‘आणि वाईट काय आहे तिकडे? बर्नेल म्हणतो, तुम्ही ते पण सांगता.’’

‘‘आवाज तुटतोय,’’ झेल्फा म्हणाली आणि फोन बंद केला. आवाज खणखणीत येत होता.

लॅमाँटनं मान वर न करता विचारलं, ‘‘आज भांडी घासायची राहिली वाटतं?’’

‘‘तू तुझ्या जाळ्याची भोकं मोज.’’

‘‘ती मोजूनच झालीत, झेल्फा.’’

तिला काय चूक काय बरोबर ते कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. तिला पुरतं कळत होतं. पण बारा वर्षं ती परक्यांना वाढत आली होती. चार टेबलांवर रोज कुणीतरी जेवायचं आणि पाचवं, स्वयंपाकघरातलं लहान टेबल रिकामं असायचं. तिला आपली माणसं हवी होती. एवढी साधी गोष्ट होती आणि त्यासाठी ती खोटं बोलली.

जूनमध्ये ती तिघं आली. समुद्र आरशासारखा होता, केर्विननं पावणेदोन तासांत आणलं. नायेली होडीतून उतरली ती थेट आजीच्या अंगावर. डोळे बर्नेलचे, केस आईचे, आणि बडबड कुणाची ते देवाला ठाऊक.

दुसऱ्या आठवड्यात बर्नेल कोयता घेऊन कालव्याकडे खेकडे पाहायला गेला आणि तासाभरात परत आला. गुडघ्यापर्यंत चिखल होता. आईसमोर नुसता उभा राहिला.

‘‘या कोरड्या हंगामात साफ करणार आहेत,’’ झेल्फा म्हणाली. ‘‘पंचांचं ठरलंय.’’

पंचांचं असं दरवर्षी ठरतं. पंचांचं ठरणं बर्नेलला ठाऊक होतं, पण घरी आल्याचा आनंद त्याच्याही अंगात मुरला होता. त्यानं पाय धुतले आणि विषय तिथेच राहिला. यादिरा आत भाताला नारळ खवत होती. तिला कुणी काही सांगितलं नाही.

ते सात महिने झेल्फा खऱ्या अर्थानं जगली, असं मी म्हणेन. यादिरा कामाला वाघीण. आठ दिवसांत तिनं पडवी शहरातल्या हॉटेलासारखी लखलखीत केली आणि गावातल्या बायकांनी रीतीप्रमाणे नाकं मुरडली. ‘‘डोंगरातली आहे, मासा डोळे मिटून साफ करते,’’ अशी तिची थट्टा चालायची. ती हसायची. रोज दुपारी सासूसुना पिंपापाशी भांडी घासायला बसायच्या आणि गप्पा मारायच्या. पाहुणा ताटली घासायला उठला, की मात्र झेल्फा सुनेला काहीतरी काम काढून बाहेर पाठवायची. झेल्फाच्या जिभेवर कितीदा तरी आलं. कालवा, वारा, नर्स. पण यादिरा हसत असायची, आणि हसणाऱ्या माणसाला कसं सांगायचं, असं म्हणून ती गिळायची.

आणि खरंच, पोरीची छाती मोकळी झाली. तिचा औषधाचा पंप फळीवर धूळ खात पडला. वाफेचं मशीन कपाटात गेलं. एस्तेलीला फोन करून यादिरा आपल्या आईला म्हणाली, ‘‘समुद्रानं बरी केली हिला.’’ झेल्फा शेजारी उभी होती. तिला वाटलं, मग आपण खोटं कुठे बोललो.

चौथ्या महिन्यात एका दुपारी यादिरा विनाकारण रडली. झेल्फानं तिला जवळ घेतलं, पण हे होतंच, सगळ्यांना होतं, असं काही ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

त्या साली उशिरा, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तरेचा वारा आला. आभाळ खाली उतरलं, सोलरवर दोन दिवस ऊन पडलं नाही, तिसऱ्या दिवशी घराघरांतल्या बॅटऱ्या मेल्या. दारंखिडक्या बंद, आत ओल, चुलीचा धूर बाहेर जाईना. नायेलीला दुसऱ्या रात्रीपासून घरघर लागली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे ती उठून बसली ती आडवी होईना. खांदे वरखाली होत होते. फळीवरचा पंप काढला, त्यात चार-सहा फवारे उरले होते. ते संपले. मशीनला वीज नव्हती. नर्स नाताळापासून गावात नव्हती. बर्नेल उजाडताच बॅटरी मागायला घरोघर निघाला.

सात वाजता लॅमाँट दारात आला. अंगावरून पाणी निथळत होतं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बर्नेल बॅटरी मागत फिरतोय म्हटल्यावर तो काय ते समजला होता.

आमच्याकडे आजाऱ्याची घंटा कुणीही वाजवत नाही. आजारी माणूस ज्या घरात असेल त्या घरातल्या थोरल्या माणसानं वाजवायची, किंवा त्याच्या शब्दावरून लॅमाँटनं. तिसऱ्या कुणाचा हात दोराला लागत नाही. कारण ती वाजली की माणसं वाऱ्यात होडी घालतात. कुणाचा तरी जीव जाऊ शकतो, आणि तो भार कुणीतरी आपल्या शब्दावर घ्यायला हवा. पंचसुद्धा घराच्या थोरल्याला ओलांडत नाहीत.

‘‘झेल्फा,’’ लॅमाँट म्हणाला, ‘‘आठ वाजता भरती थबकेल. वारा थोडा पडलाय. केर्विन म्हणतो, निघेल. वाजवू?’’

झेल्फानं मागे पाहिलं. यादिरा पलंगावर पोरीला मांडीवर उभी धरून बसली होती आणि दोघांकडे पाहत होती. दोघं आपापसात आमच्या किनाऱ्याच्या बोलीत बोलत होती, ती कुणी भरभर बोललं की यादिराला कळत नसे. झेल्फाला पुढचं दिसलं. घंटा वाजली की सगळं उघडं पडणार. समुद्र बंद होतो हे, कालवा नाही हे, सासू माहीत असून गप्प बसली हे. पोरगी बरी होईल, पण तिला घेऊन ही बाई पुन्हा या किनाऱ्यावर पाऊल ठेवणार नाही.

‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘पाल्याची वाफ देते. दुपारपर्यंत उतरेल. आमच्या लहानपणी काय मशीनं होती?’’

लॅमाँट हलला नाही. ‘‘आपल्या लहानपणी कालवा होता.’’

‘‘नको म्हटलं ना.’’

तो गेला. यादिरानं विचारलं, ‘‘काय म्हणत होते?’’

‘‘छपराचे पत्रे नीट आहेत का विचारत होता.’’

नऊ वाजता बर्नेल एक बॅटरी घेऊन आला. मशीन वीस मिनिटं चाललं. नायेलीचा चेहरा सैल पडला, तिला झोप लागली, आणि झेल्फाला वाटलं, देवानं आपली लाज राखली. बर्नेल हळूच म्हणाला, ‘‘घंटा वाजवायची का, आई?’’ भरती तेव्हा उतरायला लागली होती. ‘‘आता बरं आहे तिला,’’ ती म्हणाली, आणि त्यानं ऐकलं, कारण मुलं आईचं ऐकतात.

बारा वाजता नायेली जागी झाली ती ओरडायचा प्रयत्न करत. आवाज निघत नव्हता. ओठ जांभळे दिसत होते. यादिरा किंचाळली नाही, तिनं फक्त झेल्फाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘काय करायचं?’’ इतक्या विश्वासानं विचारलं की झेल्फा तशीच, अनवाणी, पावसात धावत सुटली. तो गुडघा कुरकुरला की नाही तिला कळलं नाही. तिनं लॅमाँटला हाक मारली नाही. दोर स्वतःच्या हातानं ओढला. तीन टोले, मग तीन.

गाव दोन मिनिटांत जमलं. केर्विन खाडीच्या तोंडाकडे जाऊन परत आला आणि त्यानं मान हलवली. लाटा माणसाच्या दुप्पट उंच फुटत होत्या. पुढची भरती रात्री, अंधारात, तेव्हा बाहेर पडणं म्हणजे सगळ्यांना बुडवणं.

‘‘मग कालवा,’’ लॅमाँट म्हणाला.

‘‘कालवा कुठे आहे?’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘नाहीये. करायचा.’’

ते जे झालं ते मी पाहिलंय. चाळीसएक माणसं कोयते घेऊन कांदळवनात उतरली. एका खोडातून कोरलेली अरुंद होडी, तीत ताडपत्रीखाली यादिरा, मांडीवर नायेली, आणि शेजारी बर्नेल पोरीची पाठ सरळ धरून. जिथे पाणी होतं तिथे ढकलायचं, जिथे गाळ होता तिथे वरच्यावर उचलायचं, जिथे मुळं होती तिथे तोडायची. दोन मैल. पास्टर कमरेपर्यंत चिखलात होते. यादिराच्या नावानं नाकं मुरडणाऱ्या बायका होडीच्या कडेला खांदा लावून होत्या. कुणाचा पाय शिंपल्यानं कापला, त्यानं तो बघितलासुद्धा नाही. दोघं जण झाडाखालून फोन करून तळ्यापलीकडच्या गावाला होडी आणायला सांगून आले होते. झेल्फा मागच्या टोकाला ढकलत होती. केर्विन म्हणाला, ‘‘मिस झेल्फा, तुम्ही घरी जा.’’ ती म्हणाली, ‘‘तू पुढे बघ.’’

यादिरा ताडपत्रीखालून हे सगळं बघत होती. बाजूला बुजलेला कालवा, गळ्यापर्यंत माखलेली माणसं. पोरीच्या कानाशी सारखं पुटपुटत होती, ‘‘घे, आत घे, सोड. आत घे, सोड.’’

पाचला तळं दिसलं. पलीकडची होडी थांबली होती. दिवेलागणीला नायेलीच्या तोंडावर इस्पितळात ऑक्सिजनची नळी होती. जगली.

झेल्फा शहरात पोचली ती नऊ दिवसांनी, पाठोपाठ आलेला दुसरा वारा पडून समुद्र उघडल्यावर. इस्पितळाजवळ बर्नेलनं एक खोली भाड्यानं घेतली होती. बाहेर व्हरांड्यात लाकडी बाक होता. तिनं पिशवीतून नारळी पाव, भाजलेले मासे आणि पोरीचे कपडे काढले. नायेली आत झोपली होती. बर्नेल उत्साहात होता.

‘‘आई, अशी माणसं कुठे मिळणार? चाळीस माणसं, आई. शहरात शेजारी मेला तरी कळत नाही. आम्ही परत येतोय. कालवा साफ करायला मी स्वतः सगळ्यांना उभं करतो.’’

हेच ऐकायला ती आली होती. नऊ दिवस तिनं देवाकडे हेच मागितलं होतं. पण तिचं लक्ष यादिराकडे गेलं. यादिरा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. सात महिन्यांत तिचं सगळं बोलणं झेल्फाला पाठ झालं होतं, हे गप्प राहणं नवीन होतं.

‘‘डॉक्टर म्हणाले, सकाळी आणली असती तर एवढं झालं नसतं,’’ यादिरा म्हणाली. मान खालीच. ‘‘आई, त्या दिवशी सकाळी लॅमाँटकाका काय विचारायला आले होते?’’

‘‘पत्र्यांचं ना, तूच सांगितलंस,’’ बर्नेल म्हणाला.

झेल्फाला वाटलं असतं तर ते तिथेच मिटलं असतं. मुलगा येत होता. सून कदाचित गप्प राहून आली असती. नात तर आलीच असती. लॅमाँट कधी बोलला नसता. तो मरेपर्यंत बोलणार नाही.

‘‘घंटा वाजवू का विचारायला आला होता,’’ ती म्हणाली. ‘‘आठ वाजता होडी निघाली असती. केर्विन तयार होता. मी नको म्हणाले.’’

बर्नेलनं हातातला पाव बाकावर ठेवला.

‘‘का?’’ यादिरानं विचारलं.

‘‘तू निघून जाशील म्हणून.’’

यादिरानं हातातल्या फ्रॉकची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. तिनं आरडाओरडा केला असता तर झेल्फाला बरं वाटलं असतं.

‘‘मी तुम्हाला फोनवर विचारलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही जेवायला येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला सांगता. मी रोज तुमच्या शेजारी बसत होते, आई. मी काय परक्यांच्याही पलीकडची होते?’’

‘‘नाही गं,’’ झेल्फा म्हणाली. ‘‘परकी माणसं गेली तर मला काही होत नाही.’’

आत पलंग कुरकुरला. नायेली उठून दारात आली. वाळली होती, डोळे मोठे दिसत होते. आजीला पाहून हसली, आणि येऊन तिच्या मांडीवर चढली, नेहमीसारखी, काही न विचारता. झेल्फानं तिच्या पाठीवर हात ठेवला. श्वास आत जात होता, बाहेर येत होता. हाताला सगळा लागत होता.

‘‘आजी, आपण घरी कधी जायचं?’’

बर्नेलनं आईकडे पाहिलं. यादिरानंही पहिल्यांदा मान वर केली.

‘‘मी उद्या जाणार,’’ झेल्फा म्हणाली. ‘‘तू आईबाबांबरोबर एस्तेलीला. तुझ्या त्या आजीकडे.’’

‘‘लाँग बाइटला का नाही?’’

‘‘तिथे डॉक्टर नाही, बाळा. आणि वारा आला की कुठे जाता येत नाही. तुला श्वास लागला तर पुन्हा वेळेवर नेता येईलच असं नाही.’’

‘‘माणसं उचलतील की मला.’’

‘‘उचलतील,’’ झेल्फा म्हणाली. ‘‘ती नेहमी उचलतात. पण दर वेळी पोचतातच असं नाही. तुझे आजोबा पोचले नव्हते.’’

बर्नेलनं हे आधी कधी ऐकलं नव्हतं. तो उभा होता तो खाली बसला, व्हरांड्याच्या पायरीवर, पाठ त्यांच्याकडे करून.

नायेलीनं थोडा विचार केला. ‘‘मग तू पण चल ना एस्तेलीला.’’

झेल्फानं यादिराकडे पाहिलं नाही. ते आमंत्रण देणं पोरीच्या हातात नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. तिनं नातीच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवायला घेतला आणि म्हणाली, ‘‘मी गेले तर तिथे येणाऱ्या माणसांना खरं कोण सांगेल?’’ या वाक्यावर आता तिचाच विश्वास उरला नव्हता.

यादिरा उठली. कपड्यांचा गठ्ठा घेऊन आत गेली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, कोरडा, पण नेहमीच्या हाकेनं. ‘‘आई, उद्याची होडी किती वाजता आहे?’’

‘‘सातला.’’

‘‘मग तोवर तिला तुमच्याजवळच झोपवा.’’